निकोसियाची गटारं एक, बाकी सगळं दोन: सायप्रस पुन्हा जोडलं जाईल का?

तांडेल

गेली सात वर्षं दक्षिण सायप्रसमध्ये, लिमासोलला आहे. जहाजं सांभाळणाऱ्या कंपन्यांचं हे गाव. दर्यावरून किनाऱ्यावर आलेली आमच्यासारखी बरीच भारतीय मंडळी इथं सापडतात. मागच्या आठवड्यात ऑफिसात नवीन रुजू झालेल्या कोल्हापूरच्या पोराला घेऊन राजधानी निकोसियाला गेलो होतो. गाडीतून उतरता उतरता तो म्हणाला, "सर, त्या डोंगरावर एवढा मोठा झेंडा कुणी काढलाय?" उत्तरेच्या डोंगरउतारावर उत्तर सायप्रसचा भलाथोरला झेंडा रंगवलाय. दक्षिणेतल्या लोकांना रोज उठून दिसावा असाच. रात्री दिव्यांनी पेटतो. त्या पोराला समजावता समजावता माझी कॉफी गार झाली, म्हणून म्हटलं आता इथं लिहूनच काढावं.

ज्यांना इतिहास ठाऊक आहे त्यांनी पुढचे दोन परिच्छेद ओलांडले तरी चालेल.

१९६० साली ब्रिटिश गेले. तेव्हा ग्रीक बोलणारे ख्रिस्ती साधारण ७७-७८ टक्के, तुर्की बोलणारे मुसलमान १८ टक्के. गंमत म्हणजे लढा स्वातंत्र्यासाठी नव्हताच. १९५५ पासून बंदुका उचललेल्या एओका संघटनेला ग्रीसमध्ये विलीन व्हायचं होतं, म्हणजे 'एनोसिस'. तुर्की बाजूच्या पुढाऱ्यांना हवी होती फाळणी, 'ताक्सिम'. पदरात पडलं तिसरंच: एक स्वतंत्र देश, जो दोघांनीही मागितला नव्हता. राष्ट्राध्यक्ष ग्रीक, उपाध्यक्ष तुर्की, दोघांना नकाराधिकार. सरकारी नोकऱ्या ७०:३०, सैन्य ६०:४०. आणि वर ग्रीस, तुर्कस्तान, ब्रिटन असे तीन हमीदार. तीन वर्षांत गाडं रुतलं. नोव्हेंबर १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष मकारिओस (हेच आर्चबिशपही) यांनी घटनेत १३ दुरुस्त्या सुचवल्या, डिसेंबरात निकोसियात रक्त सांडलं. तुर्की सायप्रियट गावंच्या गावं सोडून लहान लहान वस्त्यांत कोंडून घेऊन राहू लागले. ब्रिटिश मेजर जनरल पीटर यंग यांनी नकाशावर हिरव्या पेन्सिलीनं शहराच्या मधोमध रेघ ओढली, म्हणून नाव ग्रीन लाइन.

१५ जुलै १९७४ ला अथेन्सच्या लष्करशहांनी मकारिओसना उलथवून निकोस सॅम्पसन या माणसाला खुर्चीत बसवलं. पाचव्या दिवशी, २० जुलैला, तुर्की फौजा उत्तर किनाऱ्यावर किरीनियाजवळ उतरल्या. ऑगस्टमध्ये दुसरा रेटा आला आणि बेटाचा ३६ टक्क्यांहून जास्त भाग त्यांच्या हातात गेला. उत्तरेतले एक लाख साठ हजारांवर ग्रीक दक्षिणेत पळाले, दक्षिणेतले पंचेचाळीस-पन्नास हजार तुर्की उत्तरेत गेले. १९८३ मध्ये उत्तरेनं स्वतःला प्रजासत्ताक जाहीर केलं. त्याला तुर्कस्तान सोडून कुणीच मान्यता दिलेली नाही.

आता शीर्षकातली गटारं. सत्तरच्या दशकाच्या अखेरीला दक्षिणेचे महापौर लेलोस दिमित्रियादिस आणि उत्तरेचे मुस्तफा अकिंजी यांनी एकत्र बसून ठरवलं की मैला काही पासपोर्ट दाखवून वाहत नाही. दोन्ही बाजू एकमेकांना सरकार मानायला तयार नाहीत, पण मलनिस्सारण एकच. उतार उत्तरेचा, म्हणून शुद्धीकरण केंद्रही उत्तरेत. आजही दक्षिण निकोसियातल्या बऱ्याच भागाचा मैला त्या हिरव्या रेघेखालून पलीकडे जातो. पन्नास वर्षांत खऱ्या अर्थानं एकत्र झालेली गोष्ट कोणती, असं विचारलंत तर मी हीच सांगेन.

माझं मत असं. बेट जुळत नाही याचं मूळ कारण द्वेष नाही. बोलणी मोडली तर कुणाचं काय जातं, याचा हिशोब दोन्हीकडे सारखा नाही, हे खरं कारण. २४ एप्रिल २००४ ला संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस कोफी अन्नान यांच्या एकीकरणाच्या आराखड्यावर दोन्ही बाजूंनी एकाच दिवशी मतदान झालं. तुर्की बाजूनं ६५ टक्के 'हो' म्हटलं, ग्रीक बाजूनं ७६ टक्के 'नाही'. सातच दिवसांनी, १ मे २००४ ला, नाही म्हणणारे युरोपियन संघात गेले आणि हो म्हणणारे दाराबाहेर राहिले. कायद्यानं संपूर्ण बेट संघात आहे, फक्त उत्तरेत संघाचे कायदे स्थगित आहेत. परीक्षेत नापास होणाऱ्यालाच बक्षीस मिळालं तर पुढच्या वर्षी अभ्यास कोण करणार?

चर्चा व्हावी. शिव्या नकोत.


कडीपत्ता

मस्त लिहिलंय. पण आधी कामाचं सांगा. मेमध्ये येतोय आम्ही दोघं आणि सासूबाई. पलीकडे जाता येतं का? काही लफडं नाही ना होणार?


तांडेल

@कडीपत्ता, बिनधास्त जाता येतं. फक्त उतरायचं दक्षिणेतल्या लार्नाका किंवा पाफोसला. उत्तरेतल्या एर्जान विमानतळावर उतरलात तर इथल्या सरकारच्या लेखी तो बेकायदा प्रवेश.

२३ एप्रिल २००३ पर्यंत सामान्य माणसाला ओलांडताच येत नव्हतं. त्या दिवशी उत्तरेनं अचानक फाटक उघडलं आणि लोकांनी तासन् तास रांगा लावल्या. एकोणतीस वर्षांनी आपलं घर बघायला. आता नऊ ठिकाणं आहेत. निकोसियाच्या बाजारपेठेतली लेद्रा स्ट्रीट २००८ मध्ये उघडली, तिथून चालत जायचं. एका बाजूला ब्रँडेड दुकानं, पन्नास पावलं ओसाड पट्टा, पलीकडे नकली ब्रँडची दुकानं. सासूबाईंना दुसरी बाजू जास्त आवडेल. गाडी न्यायची तर आयोस दोमेतिओसला जा, तिथं टपरीवर उत्तरेचा वेगळा विमा घ्यावा लागतो.


मोडीवाली — ताक्सिम आणि तक्षीम

धागा आवडला. तुम्ही 'ताक्सिम' लिहिलंत आणि मी उडालेच. आपल्या जुन्या वतनाच्या कागदांत 'तक्षीम' पानोपानी भेटते. मूळ अरबी शब्द एकच, वाटणी. देशमुखीची तक्षीम, पाटीलकीची तक्षीम, तक्षीमदार भाऊबंद. फरक एवढाच की आपल्या कागदांत तक्षीम केली तरी वतन एकच राहायचं. मान कुणाचा आधी, शिरपाव कुणाला, होळीची पोळी कुणाची, यावर पिढ्यान् पिढ्या भांडायचे, पण वतन मोडत नसत. बाहेरून हमी द्यायला मात्र कुणी तुर्कस्तान नव्हता.


तर्कटेश्वर

लेख भावनिक झालाय. सरळ बघा. पन्नास वर्षं दोन प्रशासनं, दोन चलनं (इकडे युरो, तिकडे लिरा), दोन भाषा, दोन सैन्यं. याला देश म्हणत नाहीत, याला दोन देश म्हणतात. झेक आणि स्लोव्हाक १९९३ मध्ये हात मिळवून वेगळे झाले, कुणाचं काय बिघडलं? संयुक्त राष्ट्रांनी मेलेल्या माणसाला सलाइन लावून ठेवलंय, बस्स.


तांडेल

@तर्कटेश्वर, झेक-स्लोव्हाक वेगळे झाले तेव्हा कुणी कुणाचं घर बळकावून बसलं नव्हतं. इथं उत्तरेतल्या जमिनीचा मोठा हिस्सा कागदोपत्री अजून दक्षिणेत राहणाऱ्यांच्या नावावर आहे. दोन देश म्हणायचं तर या सातबाऱ्याचं काय करायचं, ते आधी सांगा. सुरक्षा परिषदेचे ५४१ आणि ५५० हे ठराव उत्तरेच्या स्वतंत्र राज्याला बेकायदा ठरवतात. ते बाजूला ठेवले तरी जमिनीचा प्रश्न उरतोच.

दुसरं म्हणजे 'उत्तरेला दोन देशच हवेत' हे तितकंसं खरं नाही. २०२० पासून तिथले नेते एर्सिन ततार उघडपणे दोन राज्यांची भाषा बोलत होते, अंकाराचा, म्हणजे तुर्कस्तान सरकारचा, पाठिंबाही होता. ऑक्टोबर २०२५ च्या निवडणुकीत लोकांनी त्यांना घरी बसवलं. तुफान एर्हुरमान जवळपास ६३ टक्के मतांनी निवडून आले आणि ते संघराज्यवाले आहेत, म्हणजे दोन भागांचा मिळून एक देश हवा म्हणणारे. तुम्ही ज्याला मेलेला म्हणताय तो उठून मतदान करून आला.


तर्कटेश्वर

निवडणूक लोकल प्रश्नांवर होती. महागाई, भ्रष्टाचार, लिरा कोसळलाय. संघराज्यावर सार्वमत नव्हतं ते.


तांडेल

तेही खरं. दोन्ही होतं. हा मुद्दा तुमचा.


हवालदार काका

तरुण मंडळींनो, या बेटाशी आपल्या फौजेचं नातं आहे हे कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. १९६४ मध्ये युनोची शांतिसेना तिथं गेली, तिचे पहिले कमांडर आपले लेफ्टनंट जनरल ग्यानी. त्यांच्यानंतर जनरल थिमय्या, आपले माजी लष्करप्रमुख. डिसेंबर १९६५ मध्ये थिमय्यासाहेब तिथंच, ड्यूटीवर असताना गेले. सायप्रसनं त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढलं. आणि १९७४ ला जेव्हा खरी लढाई पेटली, तेव्हा कमांडर होते आपलेच मेजर जनरल प्रेमचंद. निकोसिया विमानतळासाठी दोन्ही बाजू झटत असताना त्यांनी तो युनोच्या ताब्यात घेऊन टाकला. तुर्की फौजेपुढे मूठभर सैनिक घेऊन उभं राहणं म्हणजे गंमत नव्हे. त्या विमानतळाचं आज काय आहे, तांडेलभाऊ?


तांडेल

काका, दंडवत. विमानतळ अजून तसाच आहे, दोन बाजूंच्या मधल्या, संयुक्त राष्ट्रांच्या पट्ट्यात. सायप्रस एअरवेजचं एक ट्रायडेंट विमान धावपट्टीजवळ सडत पडलंय. सामान्यांना आत जाता येत नाही.

पण त्याच आवारात एक प्रयोगशाळा आहे आणि तिच्याबद्दल लिहायलाच हवं. १९६३-६४ आणि १९७४ मध्ये बेपत्ता झालेल्यांची अधिकृत यादी २००२ जणांची. १५१० ग्रीक सायप्रियट, ४९२ तुर्की सायप्रियट. दोन्ही समाजांची एक संयुक्त समिती १९८१ पासून आहे, पण खणायला सुरुवात झाली २००६ मध्ये. विहिरी, शेतं, खाणी खणून हाडं काढायची, त्या प्रयोगशाळेत मांडायची, नातेवाइकांच्या डीएनएशी जुळवायची. ग्रीक आणि तुर्की शास्त्रज्ञ एकाच टेबलावर. आजवर हजाराहून जास्त लोकांची ओळख पटवून अस्थी घरच्यांना दिल्यात. हे काम आता मंदावत चाललंय, कारण कुठं पुरलं हे ठाऊक असलेले म्हातारे एकेक करून जाताहेत, आणि जे आहेत त्यातले काही बोलत नाहीत.


हवालदार काका

वाचून गप्प झालो.


उल्हासनगरी

मी सिंधी, जन्म कल्याण कॅम्पातला, मराठी शाळेतली. आमच्या आजीनं शिकारपूरच्या घराची किल्ली मरेपर्यंत ट्रंकेत ठेवली होती. तांडेल, तिकडेही किल्ल्या ठेवतात का हो लोक?


तांडेल

@उल्हासनगरी, ठेवतात. माझ्या घरमालकीणबाई किरीनियाजवळच्या गावच्या. त्यांच्या दिवाणखान्यात किल्ली फ्रेम करून लावलीय. २००३ मध्ये त्या गेल्या होत्या. त्यांच्या घरात पाफोसकडून विस्थापित होऊन आलेली तुर्की बाई राहत होती. तिनं बसवलं, कॉफी केली, आणि १९७४ मध्ये घरात सापडलेला लग्नाचा अल्बम कपाटातून काढून हातात दिला. एकोणतीस वर्षं जपून ठेवलेला. घरमालकीणबाई हे सांगताना दर वेळी रडतात आणि दर वेळी शेवटी म्हणतात, "पण घर तर तिच्याकडेच राहिलं ना."

तुमच्या आजीत आणि यांच्यात एक मोठा फरक आहे. तुमच्या आजीला निदान माहीत होतं की परत जाणं नाही. निर्वासितांच्या मालमत्तेचा कायदा झाला, दावे भरले, जे काय थोडंफार मिळालं ते मिळालं, विषय संपला. इथं पन्नास वर्षं पुढारी सांगताहेत, परत जायचंय. शाळेच्या वह्यांवर छापलेलं असायचं 'देन क्सेख्नो', मी विसरत नाही. आणि घर तासाभरावर. गाडी काढून बघून येता येतं.

कायद्याचंही तसंच अर्धवट. तितिना लोइझिदू या किरीनियाच्या बाईंनी युरोपियन मानवाधिकार न्यायालयात तुर्कस्तानविरुद्ध खटला जिंकला, १९९६ मध्ये. तेव्हापासून तत्त्व ठरलं की मूळ मालकी शाबूत आहे. मग दाव्यांचा पूर यायला लागला तसं उत्तरेत मालमत्ता आयोग बसवला, भरपाई घ्या नाहीतर अदलाबदल करा. २०१० मध्ये त्याच न्यायालयानं म्हटलं की आधी या आयोगाकडे जा, आणि एक महत्त्वाची गोष्ट जोडली: इतक्या वर्षांनी त्या घरात राहणाऱ्याचाही काही हक्क तयार होतो. म्हणजे दोघीही खऱ्या. आता करा न्याय.

जाता जाता आपल्या मंडळींना सावधगिरीचा सल्ला. किरीनियाकडे समुद्रकिनारी स्वस्तात फ्लॅट, अशा जाहिराती फोनवर येतात. घेऊ नका. ती जमीन बहुतेक वेळा पळून आलेल्या कुणाची तरी असते. २०२४ पासून दक्षिणेत अशा व्यवहारांतल्या विकसकांना आणि दलालांना अटका झाल्यात. एका इंग्रज जोडप्यानं लापिथोसला अशा जमिनीवर बंगला बांधला होता, दक्षिणेतल्या कोर्टाचा निकाल इंग्लंडमध्ये लागू होतो असं युरोपियन न्यायालयानं २००९ मध्ये सांगितलं आणि त्यांच्या इंग्लंडमधल्या घरावर गदा आली.


ग्रीनलेन्सवाली

उत्तर लंडनमध्ये राहते, ग्रीन लेन्सजवळ. इथं ग्रीक आणि तुर्की सायप्रियट शेजारी शेजारी दुकानं टाकून बसलेत. माझी भाजी तुर्की आजोबांकडून, केस कापणारी ग्रीक मावशी. आजोबा लार्नाकाजवळच्या मिश्र गावातले, मावशीशी ग्रीकमध्ये गप्पा मारतात! भांडण फक्त कॉफीवर. एक ग्रीक कॉफी म्हणतो, दुसरा तुर्की. भांडं तेच, बनवायची पद्धतही तीच. इथं जमतं ते तिथं का जमू नये? मला वाटतं राजकारण्यांनीच वाट लावलीय.


तांडेल

@ग्रीनलेन्सवाली, भांडणाची यादी लांब आहे. हल्लूमी चीज, तुर्की नाव हेल्लिम. २०२१ मध्ये युरोपियन संघानं दोन्ही नावांनी एकच मान्यता दिली, म्हणजे कागदावर संघराज्य झालेलं एक चीज तरी आहे.

पण तुमचे आजोबा ग्रीक बोलतात यातच गोम आहे. ते मिश्र गावात वाढले. आज बफर झोनमधलं, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या त्या मधल्या पट्ट्यातलं, पिला सोडलं तर मिश्र गाव म्हणावं असं राहिलंच नाही. १९७४ नंतर जन्मलेल्या बहुतेकांनी २००३ पर्यंत पलीकडचा जिवंत माणूस बघितलेलाच नव्हता. माझ्या ऑफिसातला ग्रीक सहकारी, वय पस्तीस, सगळं जग फिरलाय, उत्तरेत एकदाही गेला नाही. का, विचारलं. म्हणाला, माझ्याच देशात पासपोर्ट दाखवून कशाला जाऊ. त्याच्या मनात द्वेष नाही. पण गरजही नाही.

आठवणींची पंचांगंही वेगळी. दक्षिणेचा इतिहास १९७४ पासून सुरू होतो, उत्तरेचा १९६३ पासून. २० जुलैला पहाटे साडेपाचला इथं भोंगे वाजतात, फौजा उतरल्या त्या वेळेला. पलीकडे त्याच दिवशी सुट्टी, संचलन, शांतता आणि स्वातंत्र्य दिन. एकाच बेटावर एकाच सकाळी एकाचं सुतक आणि दुसऱ्याचं बारसं.

तेव्हा सगळं पुढाऱ्यांवर ढकलू नका. २००४ चा 'नाही' लोकांनी दिलाय.


ओटीवरचा

+१. राजकारणी आकाशातून पडत नाहीत.


तर्कटेश्वर

मघापासून सगळे किल्ल्या आणि चीजवर बोलताय. मुख्य मुद्दा तुर्कस्तान. उत्तरेत तीस हजारांहून जास्त तुर्की सैनिक. पाणीसुद्धा समुद्राखालच्या पाइपातून तुर्कस्तानहून येतं. आणि २०११ पासून दक्षिणेच्या समुद्रात गॅस सापडलाय. अंकारा हे सोडून देईल? क्रान्स-मोंताना आठवा.


तांडेल

इथं तुमच्याशी सहमत, पण अर्धा.

क्रान्स-मोंताना, स्वित्झर्लंड, जुलै २०१७. एका बाजूला दक्षिणेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष अनास्तासियादिस, दुसऱ्या बाजूला अकिंजी. तेच, गटारवाले महापौर. मधल्या काळात ते उत्तरेचे नेते झाले होते. बऱ्याच गोष्टी जुळत आल्या होत्या. राष्ट्राध्यक्षपद आळीपाळीनं, दोनास एक या प्रमाणात. जमिनीचे नकाशे तर आधीच जानेवारीत जिनिव्हाला एकमेकांपुढे ठेवलेले, हे त्या आधी कधीच झालं नव्हतं. अडलं कुठं? १९६० च्या हमीवर. तुर्कस्तानचा लष्करी हस्तक्षेपाचा हक्क आणि फौजा. ग्रीक म्हणाले, शून्य फौज, शून्य हमी. तुर्की म्हणाले, १९६३ मध्ये आम्हाला वाचवायला कोण आलं होतं? ७ जुलैच्या पहाटे सगळं मोडलं. दोष कुणाचा यावर दोन्हीकडे पुस्तकं निघतील.

आता अर्धी असहमती. तुर्कस्तान नको म्हणतो म्हणून होत नाही, हे २०१७ ला काही अंशी लागू असेल. २००४ ला अंकारा 'हो'च्या बाजूला होती. एर्दोआन सरकारला युरोपियन संघात जायचं होतं, उत्तरेत लोक 'येस बे आन्नेम' ('हो गं आई') म्हणत रस्त्यावर उतरले होते. त्या आराखड्यात उत्तरेचा वाटा ३६ वरून २९ टक्क्यांवर येणार होता, उत्तरेतलं मोर्फू शहर ग्रीकांना परत मिळणार होतं, तुर्की फौज टप्प्याटप्प्यानं ६५० पर्यंत खाली येणार होती. दक्षिणेचे राष्ट्राध्यक्ष पापादोपूलोस टीव्हीवर येऊन रडले आणि म्हणाले ते थोडक्यात असं: मला राज्य मिळालं होतं, मी परत देताना नुसती एक जमात देणार नाही. त्यात त्यांचं सगळंच चुकलं असं मी म्हणत नाही. जगमान्य सरकार मोडून नव्या, न तपासलेल्या घरात राहायला जायचं, तेही हमीदार तोच ज्याच्या फौजेनं घर घेतलं. घाबरायला कारण होतं. माझं म्हणणं एवढंच की नकाराची किंमत त्यांना मोजावी लागली नाही आणि तेव्हापासून कधीच मोजावी लागलेली नाही.

म्हणून मला एर्हुरमानच्या चार अटींतली शेवटची सगळ्यात महत्त्वाची वाटते. राजकीय समानता आधी मान्य करा, बोलण्यांना मुदत घाला, आजवर जे ठरलंय ते पुन्हा पहिल्यापासून नको, या तीन नेहमीच्या. चौथी अशी: या वेळी ग्रीक बाजूमुळे बोलणी मोडली तर आम्ही होतो तिथं परत जाणार नाही. थोडक्यात, नकाराचं बिल आधी ठरवा. दक्षिणेला हे कडू लागणारच. पण त्याशिवाय टेबलावर बसणं म्हणजे पुन्हा स्वित्झर्लंडची सहल.


कंपासपेटी

एक शंका. ग्रीक आणि तुर्की सोडून तिसरं कुणीच नाही का त्या बेटावर?


मोडीवाली

मी वाचलंय थोडं. मारोनाइट ख्रिस्ती आहेत, उत्तरेतल्या कोर्माकितिस गावात त्यांची अरबीची एक जुनी बोली अजून जिवंत आहे. शिवाय आर्मेनियन आणि लॅटिन. १९६० च्या घटनेनं त्यांना सांगितलं, ग्रीक किंवा तुर्की, दोन्हींतला एक समाज निवडा. तिघांनी ग्रीक निवडला.

आणि लिनोबांबाकी! लिनन आणि कापूस. ऑटोमन काळात मशिदीत आणि चर्चमध्येही जाणारे, दोन नावं लावणारे लोक. ब्रिटिशांच्या काळात शाळा आणि खानेसुमारी आली आणि त्यांना एक रकाना निवडावा लागला. ताणा लिननचा, बाणा कापसाचा, ते कापड उसवलं.


तर्कटेश्वर

ठीक. मग तांडेल, तुमचा अंदाज? होणार की नाही? गोलगोल नको.


तांडेल

गोलगोल नाही. माझ्या हयातीत नकाशावर एक झालेलं सायप्रस दिसेल असं मला वाटत नाही. पन्नाशीचा आहे, सिगारेट सोडलीय, तरीही.

काळ कुणासाठी थांबलेला नाही. उत्तरेत अनातोलियाहून, म्हणजे तुर्कस्तानातून, आलेले लोक आणि त्यांची तिथंच जन्मलेली मुलं आहेत. किती, हा आकडाच एक भांडण. तुर्की सायप्रियटांना दक्षिणेचं ओळखपत्र आणि युरोपियन पासपोर्ट मिळतो, पण नवरा किंवा बायको तुर्कस्तानची असेल तर मुलांचा अर्ज वर्षानुवर्षं पडून राहतो. अशी मुलं मोठी होताहेत, ती कुणाला आपलं म्हणणार? फामागुस्तातला वरोशा, १९७४ पासून तारेच्या कुंपणात बंद असलेला हॉटेलांचा किनारा. २००४ च्या आराखड्यात तो परत मिळणार होता. ऑक्टोबर २०२० मध्ये उत्तरेनं त्याचा काही भाग पर्यटकांना खुला केला. मी गेलो होतो. भाड्यानं सायकली मिळतात, भग्न इमारतींमधून लोक सेल्फी काढत फिरतात. माझ्यासोबत मूळ फामागुस्ताचा एक ग्रीक म्हातारा होता. त्यानं त्याची शाळा दाखवली आणि मग बराच वेळ तो सायकलींच्या भाड्याबद्दलच बोलत राहिला.

पण करारावाचून ज्या गोष्टी होतात त्या होताहेत. २०११ मध्ये दक्षिणेतल्या नौदल तळावर स्फोट होऊन शेजारचं मुख्य वीजकेंद्र बसलं, तेव्हा उत्तरेनं वीज विकली. दक्षिणेनं घेतली. कुणी कुणाला मान्यता दिली नाही, पंखे मात्र फिरले. मला यातूनच काही निघालं तर निघेल असं वाटतं. आणखी दोन-चार फाटकं, विजेची कायमची तार, तिकडच्या हेल्लिमला इकडच्या बंदरातून वाट.


तर्कटेश्वर

म्हणजे दोन देश, शेजारधर्म पाळणारे. मी हेच म्हणत होतो.


तांडेल

नाही. दोन देश म्हटलं की घरमालकीणबाईंची फ्रेममधली किल्ली भंगारात जाते, आणि ते त्यांना मी सांगणार नाही. तुम्ही या आणि सांगा.


कडीपत्ता

तुमचं चालू द्या, पण मेचं तिकीट काढलंय. लार्नाका. पलीकडे गाडी न्यायची म्हणतोय, शनिवार बरा का?


तांडेल

शनिवार नको. आयोस दोमेतिओसला अर्धं निकोसिया स्वस्त पेट्रोल भरायला पलीकडे निघालेलं असतं आणि पलीकडचं अर्धं इकडच्या दुकानांत खरेदीला. तासभर लाइनीत जाईल. मंगळवारी सकाळी चला, मीही येतो. टाकी रिकामी ठेवून या.